ढोबळी मिरची आणि सत्त्याण्णव टक्के

८ मार्च
संकल्प: पीएच.डी. याच वर्षी संपवायची. कॉलेजात माझ्यामागून नोकरीला लागलेला सौरभही डॉक्टर झाला. स्टाफरूममध्ये चहा आधी त्याला मिळतो. लाज वाटते.

विषय मात्र जबरदस्त आहे. सर्किट आपण काढायचंच नाही! कॉम्प्युटर वाटेल तशी शेकडो सर्किटं जोडणार, बरी निघतील ती ठेवणार, त्यांचा संकर करणार, पुन्हा निवड. पिढ्यान् पिढ्या. छोटी सर्किटं झाली माझी. गाइड म्हणतात, छोटी सगळ्यांचीच होतात, मोठं दाखवा.

दाखवतोच. कळस गावी सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे. माती, टाकी, लाइट, सगळं बघून ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारं सर्किट. बारा इनपुट!

२१ मार्च
छोटं सर्किट चहा होईपर्यंत जमायचं. हे साठ टक्क्यांवर बसलंय ते हलेना. लॅपटॉप इतका तापला की आसावरीने विचारलं, यावर पापड भाजून घेऊ का? बायको हायस्कूलला गणित शिकवते, तिला संशोधनातलं काय कळणार! दोष फॅनचा आहे.

४ एप्रिल
सत्त्याण्णव टक्के!!! म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव परिस्थितींत उत्तर बरोबर. कॉलेजात पेढे. सौरभला दोन दिले, मुद्दाम.

आसावरी म्हणे, उरलेले तीन कुठले? म्हटलं, सत्त्याण्णव मिळालेल्या पोराला तू असं विचारतेस का? म्हणाली, विचारते.

सर्किटच्या आत काय आहे ते बघितलेलं नाही. न बघणं हीच तर पद्धत आहे.

१२ एप्रिल
कळसला बॉक्स बसवला. त्यावर हिरवा दिवा. सासूबाईंनी हळदीकुंकू वाहिलं. अप्पा भावकीला फोन करत सुटले: आमच्या जावयानं केलंय, आता व्हॉल्व्ह फिरवायचं कामच न्हाय. मी बजावलं, हात लावू नका, निष्कर्ष बिघडतात.

३ मे
अप्पांचा फोन. मशिन झ्याक हाय, मिरची टवटवीत हाय म्हणाले. ताबडतोब प्रबंधात लिहिलं: प्रत्यक्ष शेतावर यशस्वी.

सासूबाई म्हणत होत्या, ह्यांचा गुडघा सुजलाय, तरी रोज पहाटं शेतात जात्यात. मशिन असून आराम नाही! जुन्या माणसांना ऑटोमेशन पचत नाही. आसावरी गुडघ्याचा पट्टा शोधायला उठली.

२४ मे
अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला कळसला बोलावणं. आसावरी मागून येणार होती. व्हॉल्व्ह उघडतानाचा फोटो हवा म्हणून मी पहिल्या एसटीने गेलो.

शेडनेटमध्ये अप्पा. गुडघ्याला पट्टा, ओणवे, एकेक व्हॉल्व्ह हाताने फिरवत. मला बघून चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मशिन चालूच हाय, मी आपलं हात मोकळं करत हुतो, म्हणाले. व्यायाम चांगलाच, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो.

मग सर्किट उघडून बघितलं. पहिल्यांदाच. आउटपुटची तार थेट शून्याला, म्हणजे कायम ‘बंद’. बाकी सगळे गेट शोभेचे. पाणी सोडायची वेळ शंभरात तीनदाच येते, एरवी व्हॉल्व्ह बंदच हवा. मग कधी उघडायचाच नाही, की झाले सत्त्याण्णव! एवढं शोधायला हजारो पिढ्या खपल्या.

बॉक्स बसवल्यापासून अप्पाच पाणी देतायत. आसावरीला ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाली, अप्पांनी शपथ घातली होती. जावयाला तुमचं चुकलं म्हणून तोंडावर कसं सांगायचं?

दुपारी मला पाटावर बसवून ओवाळलं. चांदीचं निरांजन दिलं. अप्पांना खाली बसता येईना, खुर्चीवर पाय लांब करून कौतुकाने बघत होते. माझी मान वर होईना. तोंड कुठं लपवावं कळेना, म्हणून पुरणाचे धोंडे खात राहिलो.

३१ मे
कळसहून परतताना केलेला संकल्प: गाइडना खरं सांगायचं. बॉक्स काढून आणायचा.

गाइडना सांगितलं. पुढचं लिहवत नाही. बॉक्स काढायला गेलो, तर अप्पांनी हात धरला. राहू द्या, समद्यांना सांगून बसलोय, माझी मान खाली जाईल म्हणाले. म्हणून सुट्टीभर इथंच राहतोय. व्हॉल्व्ह मी फिरवतो.

७ जून
लासुर्ण्याचे पाहुणे मशिन बघायला आले. अप्पांनी मला नेटच्या मागं बसवलं. ओणवा बसलो. पहिला व्हॉल्व्ह फिरवला. बाहेर पाहुणे ओरडले, बघा, आपोआप! घाईत दुसऱ्याऐवजी तोच पुन्हा उलटा फिरवला आणि सरीचं पाणी बंद.

अप्पा पाहुण्यांना म्हणाले, हुशार हाय, पर अजून शिकतंय.