अठ्ठ्याण्णववर अडकलेला पारा

मी, उद्धव गोविंदराव साखरेकर, वय वर्षे बासष्ट, राहणार साखरा, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, सरकारी दवाखान्यातला निवृत्त कंपौंडर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री साक्षीदारांनी करून घेतली आहे. त्यांच्या बुद्धीची चौकशी मी केली नाही, उगाच साक्षीदार बदलावे लागले असते.

१. साखऱ्यातले माळवदाचे घर माझे स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही. ते परसासह माझी विधवा बहीण सखुबाई हिला देतो. माझा पुतण्या तातेराव दर अमावास्येला येतो, "काका, तब्येत बराबर हाय ना?" असे विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत तुळया मोजतो. माझ्यामागे सखूने परसातल्या खोपीत राहावे, हा त्याचा बेत त्याने सखूनेच केलेला चहा पीत मला ऐकवला. या कलमाविरुद्ध त्याचा कसलाही हक्क चालणार नाही.

२. तातेरावाला माझा बंद गळ्याचा कोट. कोट घातला की लोक डॉक्टर समजतात. त्याला तेवढेच हवे आहे.

३. माझी चमत्कारिक नोंदींची वही गावच्या शाळेला. तीत तीस वर्षे पाहिलेला माणूस आहे. एकाच बाटलीतले औषध पांढरे दिले तर गुण येत नाही, लाल रंग घालून दिले की येतो. देवीची लस म्हटले की गाव रानात पळते, तीच "मंतरलेली सुई" म्हटली की रांग लागते. थर्मामीटरला इथे 'नळी' म्हणतात आणि ती ताप मोजत नाही, ओढून घेते, असा सर्वांचा समज. बगलेत नळी ठेवताच लोक म्हणायचे, "उतरला, काढा आता." साक्षीदार ग्यानबा एकदा बैल घेऊन आला. बैलाला बगल कुठे असते ते आम्ही दोघांनी बराच वेळ शोधले. या सर्वांना मी मनसोक्त हसलो. शेवटची नोंद मात्र माझी स्वतःची आहे, ती पुढच्या कलमात.

४. नळी. तातेराव ती तीनदा मागून गेला. त्याला देऊ नये, कोणालाच देऊ नये.

नऊ वर्षांपूर्वी, हिवतापाच्या दिवसांत, ती माझ्या हातून ओट्यावर पडली. काच शाबूत राहिली म्हणून मी खूश. पुढचे पंधरा दिवस ज्याला लावावी त्याचा ताप अठ्ठ्याण्णव. मी वहीत ऐटीत लिहिले, "साथ ओसरली." मग माझी पत्नी नर्मदाबाई आजारी पडली. सखूने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "दादा, वयनीचं अंग तव्यावानी तापून राहिलं. नळी काहून बघता? हात लावून बघा." मी म्हणालो, "तुझा हात म्हणजे काय यंत्र हाय?" नळीत अठ्ठ्याण्णव होते. हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दोन हातांवरच्या फडताळात होत्या, त्या मी काढल्या नाहीत. नर्मदा चौथ्या दिवशी गेली. तेराव्यानंतर मी नळी आंघोळीच्या कढत पाण्यात बुडवली. पारा हलला नाही.

गावाची समजूत खुळी होती, पण तिने कोणी मेले नाही, कारण लोक "उतरला" म्हणाले तरी मी पारा पाहून कोयनेल देत होतो. खुळा मीच निघालो, शिकलेला. सखूने या नऊ वर्षांत त्या दिवसाचा एक शब्द काढला नाही आणि मीही तिची माफी मागितली नाही. तोंडाने मागता आली नाही म्हणून घर लिहून देतो आहे. ही भरपाई नव्हे, हे मला कळते.

नळी सखूने परसात कुठेतरी खोल पुरावी. जागा कोणाला सांगू नये. नाहीतर साखऱ्यात आठ दिवसांत तिथे नारळ फुटू लागतील.

५. हे मृत्युपत्र सखूला वाचता येत नाही. माझ्यामागे ते साक्षीदार पुनमचंद यांनी तिला मोठ्याने वाचून दाखवावे. तातेराव हजर असावा. चौथे कलम गाळू नये.

साक्षीदार:
१. पुनमचंद, किराणा दुकानदार (सही)
२. ग्यानबा, शेतकरी (अंगठा). बैल बरा झाला होता, हे लिहावे असा त्याचा आग्रह.

लिहून देणार: उद्धव गोविंदराव साखरेकर (सही)
मुक्काम साखरा, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६८.

ता. क. सही करताना अंगात कणकण वाटते आहे. पुनमचंद म्हणतात, नळी लावून बघा. मी सखूला हाक मारली आहे. ती हात पुसत येते आहे.