अंगठ्याला विश्रांती

३ नोव्हेंबर
दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं चोरीचं विंडोज आज काढून टाकलं. मनाला खात होतं. लिनक्स टाकलं. फुकट आणि रीतसर. प्रिंटर लगेच लागला. आता शांत झोप लागेल.

५ नोव्हेंबर
हयातीचे दाखले सुरू. पेन्शनवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत मशिनवर अंगठा ठेवून आपण जिवंत असल्याचं कळवायचं, नाहीतर पेन्शन बंद. पहिल्या आल्या साळूबाई आजी. आजोबा मिलिटरीत होते, त्यांची पेन्शन आजींना मिळते. मशिनचा दिवाच लागला नाही. आजी म्हणाल्या, आरं, मी मेली का काय? मी म्हणालो, आवं आजी, अंगठ्याच्या रेषा झिजल्यात. धारा काढून, भांडी घासून झिजतात. (खरं आहे. कुठेतरी वाचलंय.) थोडे दिवस अंगठ्याला विश्रांती द्या.

दुपारी
माझाही अंगठा ठेवून पाहिला. लागला नाही. टायपिंगने झिजला असणार.

९ नोव्हेंबर
अंगठ्याचं मशिन लिनक्सवर चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सापडत नाही. सापडेल. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला, स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासून. उत्तर आलं, माझ्याकडे चालतं. म्हणजे चालतं. आशादायक.

१३ नोव्हेंबर
आजी आल्या. अंगठ्याला खोबरेल लावून फडकं बांधलेलं. बशीसुद्धा डाव्या हाताने धरतात. धारा आता त्यांची सून काढते, अंकितावहिनी. म्हैस वहिनींना जवळ येऊ देत नाही. आजी फडकं सोडायला लागल्या, तशी मी घाईने म्हणालो, आज सर्व्हर डाऊन आहे. डाऊन नव्हता. पण त्या क्षणी असूही शकतो.
निश्चय: रविवारी ड्रायव्हर स्वतःच लिहायचा. बारावी राहिली म्हणून काय झालं?

१७ नोव्हेंबर, रविवार
ड्रायव्हर लिहिला. आता प्रिंटरही चालत नाही.

२१ नोव्हेंबर
अंकितावहिनी दुकानात आल्या. म्हणाल्या, भावजी, म्हशीनं लाथ घातली, दूध निम्म्यावर आलं. आत्याबाईंचा अंगठा कवा बरा व्हायचा? मला तर ह्यातलं काय खरं वाटंना. मी कीबोर्ड पुसत म्हणालो, अजून थोडं थांबा. त्या गेल्यावर विंडोज परत टाकावं असं वाटलं. पण ती चोरी होईल.

२८ नोव्हेंबर
आजींना मोटारसायकलवरून विट्याला ऋषिराजच्या अशाच कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. गावातले बाकीचे पेन्शनवाले मला न सांगताच तिथे जाऊन आलेत. आजींनी फडकं सोडून अंगठा ठेवला. पहिल्याच वेळी लागला. ऋषिराज म्हणाला, आजी, तुमी जित्या हाय. पर हे फडकं कशाला? आजी अभिमानाने म्हणाल्या, ह्या पोराचा इलाज. लय गुणाचं हाय. ऋषिराजने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
परत येताना आजींना सगळं सांगणार होतो. वारा फार होता.

२९ नोव्हेंबर
कबूल करायचंच म्हणून सकाळी आजींच्या घरी गेलो. आजी वहिनींवर तापलेल्या. माझा अंगठा बांधला हुता तवर हिनं म्हस आटवली, म्हणाल्या. हिच्या हातालाच गुण न्हाई. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनींनी कप पुढे केला.
कोरा चहा होता.
प्यालो. छान झालाय म्हणालो.