आतल्या खोलीतलं कार्पेट

शहाड
३ फेब्रुवारी २०२५

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नवं कानाचं यंत्र फोनवर शिट्टी मारतं असं सहदेव भावजींनी सांगितलं, म्हणून फोन न करता लिहायला बसले. काजूला यंदा मोहोर चांगला आलाय, हेही तेच म्हणाले. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. विनीतचा खोकला गेला.

मोठी बातमी म्हणजे आतल्या खोलीत आम्ही कार्पेट टाकून घेतलं. सतरंजीसारखं पसरायचं नव्हे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाली चिकटवलेलं. तुम्ही म्हणाल, शहाडच्या धुळीत हे कसलं खूळ. शेजारच्या ॲनी मावशीही तेच म्हणाल्या. "अगं, पावसाळ्यात वास मारेल, मग तूच रडशील." मी त्यांना सांगितलं की विनीतच्या टाचा दुखतात, गार लादी त्याला सोसत नाही.

ठाण्याला खोपटच्या डेपोजवळ एक दुकान आहे, तिथे आम्ही गेलेलो. दुकानदार दिपेश म्हणून आहे. त्याने आधी लाल दाखवलं, लग्नाच्या हॉलमध्ये असतं तसं. मग एक पांढरट, पाऊल बुडेल इतकं मऊ. मला ते फार आवडलं. विनीतने चपला काढल्या आणि तुमचा हा एवढा मोठा मुलगा दुकानाच्या मधोमध खाली बसला. हात टेकत, बुडावर सरकत सरकत टोकापर्यंत गेला. त्याचं घड्याळ धाग्यांत अडकलं. "हे नको," म्हणाला. दुसऱ्यावर सरकला, तर तळहात लाल झाले. तेही नको. बाकीची गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. आपल्याच लग्नाच्या वरातीत जो नाचायला लाजला, तो माणूस हे करत होता.

दिपेश हसून म्हणाला, "साहेब, घरात बाळ आहे वाटतं. किती महिन्यांचं?"

विनीत खालूनच म्हणाला, "अडीच वर्षांची आहे. अजून चालत नाही, बसून सरकते. पण चालणार."

"नाव काय?"

"नयन."

आई, इथपर्यंत लिहून मी उठले आणि चहा करून आले. आता लिहितेच.

टाचांचं मी ॲनी मावशींना सांगितलं ते खोटं. नयन इथल्याच एका संस्थेत आहे. जन्मली तेव्हा तिची पावलं आत वळलेली होती. प्लास्टर घालून घालून ती सरळ केलीत, झोपताना अजून पट्टीने जोडलेले बूट घालावे लागतात. डॉक्टर म्हणतात चालेल, फक्त घाई करू नका. पहिल्या भेटीत ती माझ्याकडे आलीच नाही. विनीतच्या शर्टाचं बटण धरून बसली, आणि निघताना सोडेना.

बावीस तारखेला, शनिवारी, ती घरी येतेय. कायमची.

गणपतीत तुम्ही म्हणालात, बाहेरचं मूल या घरात नको. त्यानंतर विनीतने तुमच्यापुढे विषय काढला नाही, पण आम्ही थांबलोही नाही. परवानगी मागायला हे पत्र नाही. तुम्हाला तिसऱ्याच कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितेय. आणि मला फार आनंद झालाय आई. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय पुरा होईना.

शेवटी हिरवं घेतलं, आखूड धाग्याचं. काल बसवून गेले. आम्ही दोघं तिथेच खाली बसून जेवलो.

तुम्ही याल या आशेवर असलेली,
संचिता



देवरुख
१० फेब्रुवारी

चि. संचिता,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण राग आला होता. मुलीचा नाही. मला न सांगता इतके पुढे गेलात, त्याचा. तो अजून आहे आणि विनीतला मी बोलणार आहे.

गणपतीत मला जे वाटलं ते मी बोलले. पण तेव्हा तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

विनीतने तुला सांगितलं नसेल. तो स्वतः दोन वर्षांचा होईस्तोवर असाच बुडावर सरकायचा. सारवलेल्या जमिनीवर त्याच्या चड्ड्या मागून फाटायच्या, ठिगळं लावता लावता मी कंटाळायचे. नयनच्या चड्ड्यांना मागून जाड कापड लावावं लागेल. माझं एक जुनं लुगडं आहे, ते घेऊन येते.

सहदेव मला एकवीसला सकाळच्या गाडीत बसवून देईल. विनीतला खोपटला पाठव. तू येऊ नकोस, घरात कामं असतील. मला त्या कार्पेटवर बसायचा आग्रह करू नका. खाली बसले तर उठवायला दोन माणसं लागतात. खुर्ची ठेवा, मी तिथून बघत बसेन.

आणखी एक. तिला मला आजी म्हणायला शिकवू नका, वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आजीच म्हणतात. विनीत माझ्या आईला बाय म्हणायचा. हिनेही तसंच म्हणावं.

नयनची बाय