आठाच्या वर

जहाजावरून,
मार्गशीर्ष वद्य द्वादशी, मंगळवार
दि. १६ डिसेंबर २०२५

गुरुजींच्या चरणी सौ. मनकर्णाचा नमस्कार वि. वि.

मी खुशाल आहे. गुडघा बरा आहे. तुमची बीपीची गोळी चहाच्या आधी नाही, नंतर घ्यायची, हे शेजारच्या कमलबाईला बजावून आले आहे. ती विचारायला आली तर तिच्यावर खेकसू नका. दूध रोजच्या रोज वहीत मांडा, मी आल्यावर एका लिटरचा घोळ नको.

नंदी बरी आहे. लेकीबद्दल पुढं लिहिते.

उद्या बोट गोव्याला थांबेल, तिथं हे पत्र पोस्टात टाकीन. गुरुवारी मुंबईला उतरल्यावर मी दादाकडं आठवडाभर राहणार आहे, म्हणजे पत्र माझ्या आधी बोरीला पोचेल. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण फोनवर नंदीचं नाव निघालं की तुम्ही "बरं, ठेव" म्हणता. कागद मात्र तुम्ही पुडीचासुद्धा शेवटपर्यंत वाचता.

निघताना तुम्ही पेपरातून तोंड न काढता म्हणालात, "जायलीस तर सगळ्याला गुण देऊन ये." म्हणून देते. तुमच्याच नियमानं देते. दहा देवाला, नऊ गुरूला, आणि विद्यार्थी कितीही हुशार असो, आठाच्या वर नाही. चौतीस वर्षं बोरीच्या शाळेत तुम्ही हा नियम मोडला नाही आणि घरातही नाही. माझ्या पुरणपोळीला एकदाच आठ मिळाले होते, ते मी अजून सांगत फिरते.

तर बोट. अकरा मजली आहे. आपल्या बोरीची पेठ आत मावेल आणि वर जत्रा भरेल. पण माणसानं राहावं असं त्यात काय आहे ते मला चार दिवसांत कळलं नाही. सगळ्या बोळी सारख्या, सगळी दारं सारखी. मी दोनदा दुसऱ्याच्या दारात किल्लीचं कार्ड घासत उभी राहिले. मग ओळख म्हणून आपल्या दाराला खणाचा तुकडा बांधला, तर तो कुणी तरी सोडून, घडी करून आत ठेवला. नोकरांच्या घरच्यांना सवलतीच्या पासावर मिळते ती खोली बिनखिडकीची. समुद्रावर येऊन समुद्र बघायला लिफ्टनं सात मजले चढायचे! खोलीला तीन.

काडेपेटी, ऊदबत्ती, तुपाच्या वाती सगळं शिडी चढायच्या आधीच काढून घेतलं. चार दिवस देवापुढं दिवा नाही. सूर्याला पाणी घालायला लोटी घेऊन वर गेले, तर सूर्य रोज निराळ्या अंगाला, बोटच वळलेली असते. एक दिवस सापडला. मी मंत्र म्हणून पाणी सोडलं, तर पहारेकरी धावत आला, "आंटी, समुद्रात काही टाकायचं नाही." म्हटलं, अरे बाबा, समुद्रात पाणीच टाकलं ना मी? त्यानं लोटीवर कोरलेलं नाव लिहून घेतलं. म्हणजे माझं.

जेवणाला चार. देखावा भारी, पण अन्नाची जी नासाडी चालते ती बघवत नाही. एका बाईनं तीन तऱ्हेचे केक घेतले, फोटो काढला आणि ताट सरकवलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, अन्न हाय ते." ती म्हणाली, "पैसे दिलेत की आम्ही." पैसे दिले की अन्नाचं अन्नपण जातं का? काल एकादशी होती. बटाट्यातसुद्धा कांदा. मी दोन केळी आणि घरचा शेंगदाण्याचा लाडू खाऊन दिवस काढला. वर दिवसभर गाण्यांचा धांगडधिंगा. समुद्राला मात्र सात देते. तो देवाचा आहे, पण इथं काचेआड दुकानात मांडल्यासारखा दिसतो, म्हणून सातच.

आता एक हसण्यासारखं. पहिल्या दिवशी फिरून आले तर तुमच्या पलंगावर, म्हणजे तुमच्या पासाचा जो रिकामा होता त्यावर, पांढऱ्या पंच्याचा हत्ती बसवलेला. सोंड, कान, सगळं. मला वाटलं, शिवण असेल, पण नुसत्या घड्या. संध्याकाळची वेळ, मी पायातलं काढलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. मग त्या पंच्यानं अंग कसं पुसणार? चार दिवस मी एकाच पंच्यावर काढले. रोज नवा हत्ती, रोज कुंकू. पंच्याचे डाग निघेनात म्हणून खोली झाडणाऱ्या बाईला बोलणी बसली.

हा हत्ती करणारी, चादर अशी ताणणारी की वर रुपया टाकला तर उडावा, मोरी घासणारी, रोज सोळा खोल्या एकटीनं उरकणारी ती बाई कोण, हे लिहायला मी तीन पानं घेतली.

ती आपली नंदी आहे.

बोटीच्या काउंटरवर बसून नावं लिहिण्याचं काम, असं मी तुम्हाला दोन वर्षं सांगत आले. ते खोटं होतं. तिनं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. तुम्हाला काय सांगायचं ते मी ठरवलं. राग माझ्यावर काढा.

तिनं मुद्दाम माझ्या खोलीची पाळी मागून घेतली होती. पहिल्या सकाळी ती ढकलगाडी घेऊन आली, तोवर मी अंथरूण घडी घालून, ओल्या रुमालानं फरशी पुसून मोकळी झाले होते.

"आई, तू काय करायलीस? माझं काम हाय ते."

"तुझ्याकडून मी मोरी घासून घेऊ?"

"घरी घासत नव्हते का?"

"घरी घरची होतीस."

"मग हितं कुणाची हाय?"

मी लाडवाचा डबा काढला. बस म्हटलं तर बसेना, पाहुण्यांच्या खोलीत बसायचं नाही असा नियम. लाडू दिला तो तिनं मोरीच्या दारात उभं राहून, हाताखाली रुमाल धरून खाल्ला. एक कण खाली पडू दिला नाही. मी विचारलं, हत्ती तिकडच्या पलंगावर का ठेवतेस? म्हणाली, "माणूस आलं न्हाई तरी पलंग मोकळा ठेवायचा न्हाई, असा नियम हाय." तिच्याबरोबर काम करणारी बबिता म्हणून पूर्णा गावची मुलगी आहे. तिला विचारलं. असा काही नियम नाही.

काल दुपारी एक फॉर्म आला. कशाला किती गुण, शून्यापासून दहापर्यंत, आकड्याला गोल करायचा. मी चष्मा लावला, देवाचं नाव घेतलं आणि वर लिहिले तेच गुण दिले. शेवटी खोलीच्या बाईचं काम. गुरुजी, मी त्या ओळीवर कितीतरी वेळ बसले. मग आठाला गोल केला. दोनदा गिरवला. मला वाटलं, तुमच्या शाळेत पहिली आलेली मुलगी आज माझ्या हातानं पास होतेय.

तासाभरात बबिता आली. दार लावून घेतलं.

"काकू, आठ तुमी दिले का?"

"व्हय. सगळ्यांत जास्त तिलाच दिले."

"काकू, हितं नऊच्या खाली सगळं नापास. आठ आन् शून्य एकच."

या महिन्यात त्यांच्या मजल्याच्या सुपरवायझरची निवड आहे. नंदीचं नाव पहिलं होतं. मोरी घासणं सुटलं असतं, कोट मिळाला असता, सहा आठवडे रजा मिळून ती संक्रांतीला घरी आली असती. अट एवढीच की निवडीच्या महिन्यात एकही फॉर्म नऊच्या खाली नको. "लोकांनी दहा-दहा दिलेत तिला," बबिता म्हणाली, "पहिला आठ तुमचा."

संध्याकाळी नंदी आली, चादर बदलली, हत्ती केला. मीच म्हटलं, "अगं, आपल्याकडं आठ म्हणजे..."

"माहिती हाय, आई. बाबांचा आठ हाय तो. बघितल्याबरोबर वळखला." मग सोंड नीट करत म्हणाली, "मला वाटलं होतं, तो त्यांनी वापस घेतला."

तुम्हाला आठवत असेलच. शिक्षकाच्या परीक्षेत ती तीन गुणांनी राहिली आणि पुन्हा बसणार नाही, नोकरीला जाते म्हणाली, त्या दिवशी एसटी स्टँडवर तुम्ही तिला म्हणालात, "तुला आठ देत आलो, तेच माझं चुकलं." गाडी हलली. तेव्हापासून तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. आणि मी तिथं पिशवी धरून उभी होते. एक शब्द बोलले नाही. दोन वर्षं तुमच्यावर रुसण्याचं नाटक केलं, पण चूक माझीही होती, म्हणून हा आठ माझ्या हातून पडला. नियम तुमचा असेल, पाठ मीच केला होता.

आज सकाळी आंघोळ करून मी काउंटरवर गेले. फॉर्म बदलता येत नाही म्हणाले. काही लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर लिहा. मी तिथंच उभ्याउभ्या मराठीतून पानभर लिहिलं. त्यांची मोठी मॅडम परदेशातली. तिला मराठी कुठलं येणार? तिनं वाचून सांगायला बोलावलं कुणाला? नंदीलाच. माझ्यासमोर.

मी लिहिलं होतं, ही माझी मुलगी आहे म्हणून सांगत नाही. मी घर झाडते त्याला चाळीस वर्षं झाली, मला काम कळतं. हिच्या कामात खोट नाही. आमच्या घरी आठ म्हणजे सगळ्यांत वरचा गुण, तो अडाणीपणानं दिला गेला. हिचे वडील मास्तर आहेत. त्यांच्या आणि माझ्या वतीनं हिला दहा.

नंदी सरळ उभी राहून एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेली, दुसऱ्या कुणाबद्दल असावं तशी. मॅट्रिकपुरतं इंग्रजी मलाही कळतं. 'मदर' आलं, 'टेन' आलं. 'फादर' आलं नाही. तुमची ओळ तिनं गाळली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, एक ओळ राहिली का गं? ती म्हणाली, "राहिली न्हाई, आई. त्यांनी दिले न्हाईत ते दहा मी कशी सांगू? खोटं वाचायला त्यांनीच शिकवलं न्हाई मला."

दुपारी निकाल कळला. मॅडमला वाईट वाटलं म्हणे, पण नियम तो नियम. या खेपेला नाही, पुन्हा आठ महिन्यांनी. म्हणजे संक्रांतीला ती येणार नाही. आत्ता पत्र लिहितेय आणि ती पलीकडं मोरी घासतेय. ब्रशाचा आवाज येतोय. मी तिला थांबवलं नाही. खोलीला तीन दिले होते ते मात्र खोडते. ही खोली तिनं केली आहे.

फॉर्मचा एक कोरा कागद बबितानं आणून दिला, तो सोबत जोडला आहे. शेवटच्या ओळीपुढं राजनंदिनी बन्सीधर असं नाव घातलं आहे. तुमचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. बोट दर गुरुवारी मुंबईला येते. तिथल्या त्यांच्या ऑफिसचा पत्ता मागं लिहिला आहे. तिकिटं लावलेलं पाकीटही आत आहे, खर्चाचं निमित्त नको.

मी आकडा घातलेला नाही. तुमचं लाल पेन देवघराच्या कोनाड्यात आहे, कुंकवाच्या डबीमागं. तुम्ही ठेवलं तिथंच, मी हलवलं नाही.

नंदीची आई