मधला तुकडा आपला आपण सुटतो

१० फेब्रुवारी
मी आणि माझा मुलगा कामेन प्लोवदिव शहरातल्या या घरात किती सुखात होतो! मग नेदा सून होऊन मधे घुसली. आज ठरवलं, भांडायचं नाही. पण एक मार्चला, वसंताच्या सणाला, कामेनच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा मीच बांधणार, त्याच्या लहानपणापासून बांधते तसा. तोवर ही बया घरात नसेल.

१२ फेब्रुवारी, जेवणानंतर
नेदा लॅबमधलं सांगत बसली. इंटीन म्हणे. प्रोटीनच्या माळेत मधेच घुसलेला आगंतुक तुकडा. तो असेतो माळ बिनकामाची. मग तो स्वतःच स्वतःला कापून घेतो, दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो आणि चालता होतो. मी विचारलं, सुरी कोण धरतं? म्हणाली, कोणीच नाही हो आई, ढकलावंही लागत नाही. काही तर नुसते गार केले की सुटतात.
बाई स्वतःच्या तोंडाने बोलली!

१४ फेब्रुवारी
हीटर बंद केला. बिघडला म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी
अजून इथेच आहे. एरवी दोघं दोन खोल्यांत फोन घेऊन बसायची. आता एकाच घोंगडीत खिदळतात. चांगलं लक्षण. सुटण्याआधी जरा चिकटत असेल.

२० फेब्रुवारी
शिंका. मलाच. कामेन म्हणाला, मिस्त्रीला बोलावतो. म्हटलं, खबरदार! वर खिडकीही उघडली. नेदाने सूप करून दिलं. मीठ नव्हतं. दोन वाट्या प्यायले.

२४ फेब्रुवारी
छाती भरली. धाकट्या बहिणीकडे, रूसाकडे, डोंगरात चूल पेटलेली असते. जाते. मी नसले की दोघं भांडतील, नेदा माहेरी पळेल, एक तारखेच्या आत मी परत. कोणी जा म्हणालं नाही. बॅग मीच भरली, बसपर्यंत मीच ओढली. निघताना सवयीने बोलून गेले, भांडू नका रे, एकमेकांना धरून राहा.

२७ फेब्रुवारी
कामेनचा फोन. आई, हीटर ठणठणीत आहे गं, बटणच बंद होतं! तू नीट बरी होऊनच ये, घाई नको. भांडलात का, विचारलं. म्हणाला, कशावरून?

१ मार्च
कामेनने फोटो पाठवला. दोन मनगटं, दोन दोरे. त्याचा नेदाने बांधलाय. गाठ सैल आहे, आठवडाभर टिकणार नाही.
माझा दोरा हातातच. रूसा म्हणाली, ताई, दे इकडे, शेळीला बांधू.
बांधला. चांगली घट्ट गाठ मारली.
दुपारपर्यंत शेळीने खाल्ला.