उभ्या गाडीची झीज

१२ ऑगस्ट १९९६, इस्लामपूर

सकाळी पूजा उरकली, गॅरेजची शेड उघडली आणि लालासाहेबांच्या मारुतीचं पुढचं चाक काढलं. ते वारले तेव्हापासून गाडी माझ्याकडंच उभी. आता त्यांचा मुलगा कृष्णात ती पुण्याला नेणार. नोकरी लागली त्याला. गाडीवर हात चांगला, पण वेगाचा लय नाद! वाटेत खंबाटकीचा घाट. म्हणून ब्रेक बघायला घेतले.

पावसाळ्यात गाडी उभी राहिली की ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतोच. हिच्यावर नाही — आरशासारखी लख्ख! जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. नऊ मिलिमीटर. आठपर्यंत चालते.

पण गंज का नाही?

१५ ऑगस्ट

परत मोजली. साडेआठ! गाडी हललेली नाही, चावी माझ्या खिशात. मायक्रोमीटरवरच संशय आला. नवी डिस्क मोजून पाहिली — बरोबर दहा.

कृष्णात हसला. "आवं काका, उभ्या गाडीचा ब्रेक झिजतूय व्हय? उंदरं चाटत्यात का काय!"

"चावी मिळायची न्हाई," म्हणालो. रुसून गेला. सोमवारी हजर व्हायचंय त्याला.

१६ ऑगस्ट

डिस्कला हात लावला. गरम होती.

१७ ऑगस्ट

रामरक्षा म्हणतच आत शिरलो. माप आठाच्या खाली. मर्यादा संपली.

वैनींकडं गेलो — चारुशीलावैनी, लालासाहेबांच्या पत्नी. वाटलं, वेड्यात काढतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जीव जाताना ह्यांनी उजवा पाय पलंगाच्या कठड्याला दाबून धरलावता. किती वडला, सोडवंना."

म्हणजे ब्रेक तेच दाबत असतील? पोराला जाऊ द्यायचं नाही? बाप अडवत असेल तर मी मधे पडणारा कोण? पण नोकरी गेली तर पोरानं काय करायचं?

संध्याकाळी डिस्क, पॅड सगळं नवं घातलं. उद्या घाटातनं गाडी मी उतरवणार, कृष्णात शेजारी. काही वावगं दिसलं तर गाडी माघारी आणि चावी कायमची माझ्याकडं. नाहीतर त्याची.

देवा, बुद्धी दे.

१८ ऑगस्ट, खंबाटकीखालचं खंडाळा

घाट उतरलो. माझा पाय ब्रेकवर नव्हता. प्रत्येक वळणाआधी पेडल आपणहून खाली जात होतं — हळू, पोटच्या पोराला जपावं तसं. कृष्णातनं पाहिलं. खाली आल्यावर वाकून त्यानं पेडलला हात लावला, पाया पडल्यासारखा.

चावी त्याच्या हातात दिली.