वरचं दूध

वाघोली, २ एप्रिल २०१७
आज बाळाला घेऊन नव्या घरी आलो. ताबा मिळाला आणि लगेच मी बाळंत झाले, त्यामुळे सामानाची खोकी अजून तशीच आहेत. एकावर ‘मिक्सर’ लिहिलंय, त्यातून पडदे निघाले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. श्रीनिवासने बाळाला असं सांभाळून आत आणलं, की जणू हातात काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं आहे. बाल्कनीतून शेताचा एक उरलेला तुकडा दिसतो, त्यापलीकडे इमारतींचे सांगाडे, आणि वर भरपूर आकाश. सदाशिव पेठेतल्या आमच्या खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसायचा. माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासूबाईच करणार. टाके दुखताहेत, पण मजेत आहे. आडवं पडून लिहितेय, अक्षराला हसू नये.

६ एप्रिल
दूध पुरत नाही. बाळ ओढतं, सोडतं, रडतं, पुन्हा ओढतं. भेगा पडल्यात, पाजायची वेळ झाली की आधी मलाच रडू येतं. सासूबाई आळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू असा मारा करताहेत. डब्याच्या दुधाचं नाव काढलं तर म्हणाल्या, आमच्या वेळी डबे नव्हते, तरी तुमचे यजमान काही हवेवर वाढले नाहीत. सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर तर अंगावर पाजणं ही जणू स्पर्धा आहे. श्रीनिवास आईच्या दुधात काय काय असतं ते मोबाइलवर वाचून दाखवतो. वाचून झालं की झोपतो.

११ एप्रिल
बाळाचं वजन घटलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर लावत राहा, पण वरचं दूधही सुरू करा, त्यात अपराध काही नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता सासूबाई म्हणाल्या, तुमची मर्जी. पोराला डब्याची सवय लागली की आई कुणीही चालते, एवढंच आपलं माझं म्हणणं.
डबा आणलाच. पाणी उकळलं, पावडर मोजून घातली, मनगटावर थेंब टाकून बघितला. बाळाने बाटली संपवली आणि झोपलं. मीही झोपले. किती दिवसांनी! उठल्यावर ठरवून टाकलं, आता डबाच. अंगावर लावणं बंद.

१७ एप्रिल
सासऱ्यांचं बीपी वाढल्याने सासूबाईंना पेठेत परत जावं लागलं. श्रीनिवास ऑफिसला. दिवसभर मी आणि बाळ. दोन दिवस झाले, ते बाटली घेत नाहीये. बाटलीचं निपल बदलून पाहिलं, वाटी-चमच्याने पाहिलं, थुंकून टाकतं. माझं दूध जवळजवळ आटलंय.
आज दुपारी दोघंही रडून रडून दमलो. मी त्या रिकाम्या घरात मोठ्यांदा म्हणाले, कुणीतरी पाजा हो याला, मला नाही जमत. मग तिथेच गादीच्या कडेला, फरशीवर, माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा बाळ शांत झोपलेलं. ओठांच्या कोपऱ्यात दूध.
बाटली भरलेलीच होती.

२० एप्रिल
रोज दुपारी हेच. मला गुंगी येते, उठते तेव्हा बाळाचं पोट टम्म. दाराला आतून कडी असते. डब्यातल्या दुधाला गोडूस वास येतो, बाळाच्या तोंडाला येतो तो तसला नाही. चुलीच्या धुराचा, ओल्या लुगड्याचा वास आहे. कदाचित मीच झोपेत पाजत असेन. फार खोलात शिरत नाही. लिहायला लाज वाटते, पण झोप मिळतेय.

२४ एप्रिल
वजन छान वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे करताय तेच चालू ठेवा. मी म्हणाले, माझं दूध परत आलं.
का म्हणाले? श्रीनिवासचे डोळे भरून आले. त्याने तिथूनच आईला फोन लावला. सासूबाई प्रथमच मला “बाळा” म्हणाल्या. मग ते खोटं मी तसंच राहू दिलं.

२६ एप्रिल
आज झोपेचं सोंग घेऊन पडले.
बाळाशेजारची गादी हळूहळू दबली. कुणी कुशीवर आडवं व्हावं तशी. बाळाने मान वळवली, तोंड उघडलं आणि ते हवेला लागलं. गाल कशाला तरी टेकून चपटा झाला. घोट उतरत होते. मला ऐकू येत होते.
मी उठले नाही. इतकी दमलेय, की भीतीसुद्धा माझ्यापर्यंत उशिरा पोचली. पोचली तेव्हा त्याला उचललं, तर कुणी परक्याने उचलल्यासारखं किंचाळलं. खाली ठेवल्यावरच गप्प झालं.

२८ एप्रिल
तळमजल्यावरच्या मथुराबाई झबलं घेऊन आल्या. ही इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. उंबऱ्यातच थबकल्या, श्वास ओढून घेतला आणि खाली बसल्या. म्हणाल्या, तुळजा हाय हितं.
तुळजा त्यांची धाकटी जाऊ. तिचं पोर जन्मून चार दिवसांत गेलं, पण दूध थांबेना. गावात जिला दूध नसे ती आपलं पोर तिच्याकडे आणायची. पोर बाळसं धरी, आई येऊन घेऊन जाई. असं किती वेळा. शेवटी एका पोराला ती परत देईना. पाजलं मी, पोर माझं, म्हणाली. पुरुषांनी हिसकावून घेतलं आणि तिला गोठ्यात कोंडलं. तिने अन्न सोडलं. मेली तेव्हाही पदर ओला होता, मथुराबाई म्हणाल्या.
मग त्यांनी विचारलं, पोरी, तू बोलावलंस का तिला? बोलावल्याबिगर ती येत न्हाय.
मी झबल्याची घडी घालत राहिले. त्या म्हणाल्या, तुझं स्वतःचं दूध त्याच्या पोटात जाऊ दे. तेवढंच ती मानती. डब्याचं न्हाय मानत.

३० एप्रिल
श्रीनिवासला सगळं सांगितलं, खोटं बोलले तेही. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, पद्मजा, तू फार दमलीयस, चल पेठेत. तापाने फणफणलेल्या माणसाशी बोलावं तसा आवाज.
रात्रीच पेठेत आलो. इथे बाळ काहीच घेत नाही. बाटली नाही, चमचा नाही, मी नाही.

२ मे
दवाखान्यात. सलाइन. सगळे रिपोर्ट चांगले. नळीने घातलेलं दूध उलटून टाकतं. रडतही नाही आता, नुसतं दाराकडे बघतं.

४ मे
जरा तरतरी आली म्हणून सोडलं, पण तोंडाने अजून काही घेत नाही. श्रीनिवास म्हणाला, वाघोलीत बरं होतं ना ते? सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, घेऊन जा, पोर जगलं पाहिजे.
म्हणजे त्यांनाही— 
वाघोलीच्या घराचं दार उघडलं. बाळ हसलं. माझ्या खांद्यावरून, पलीकडे बघून.

५ मे
पुन्हा अंगावर लावतेय. तोंड फिरवतं. भेगांतून रक्त. शेजारी गादी दबलेलीच— वाट बघत बसते ती. मी हरले की पाजते. मी तरी काय करू, उपाशी ठेवू? बघत राहते. पाजू देते.

७ मे
तिला म्हणाले, माझं आहे हो ते. खरंच माझं आहे.
संध्याकाळी एक थेंब आला. बाळाने चाटला.

९ मे, दुपार
पितंय! माझं पितंय! डाव्या अंगाला आहे, घोट ऐकू येताहेत, उजव्या हाताने लिहितेय कारण हे आत्ताच लिहायला हवं. गादी सपाट आहे. कुणी नाही. संध्याकाळी श्रीनिवास आला की—
वास आहे अजून. दाराशी. जाईल.
मी मोठ्यांदा म्हणाले, तुळजाबाई, तुमचे उपकार झाले. माझं बाळ पाजलंत. आता मी काय देऊ तुम्हाला? सहज म्हणाले. निरोप देताना म्हणतात तसं.
वास जवळ आलाय.
समोर वाकल्यासारखा—
मांडीवर काहीतरी ठेवलं. गार. हलकं. दिसत नाही, पण— उजव्या कोपराशी डोकं आहे. एवढंसं, चार दिवसांच्या पोराचं. बाळ नाही, बाळ डावीकडे आहे, बाळ इथे डावीकडे—
शोधतंय. तोंडाने शोधत वर— 
लागलं. ओढतंय. दात नाहीत पण किती जोर, हात उचलत ना